फ्लोराइड : भट्टीतून आलेला शब्द

‘फ्लोराइड’च्या मुळाशी लॅटिन ‘फ्लुएरे’ आहे, म्हणजे वाहणे. फ्लोरस्पार हा फ्लोराइडयुक्त दगड टाकला की भट्टीतले खनिज लवकर वितळून वाहू लागते, म्हणून त्याला ते नाव पडले. त्यातल्या मूलद्रव्याचे ‘फ्लोरिन’ हे नाव १८१२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअरने ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हीला सुचवले. आता पाण्यातल्या फ्लोराइडकडे वळू. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यात पाण्याची पारख जिभेवर होते, खारं की गोडं. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडला मात्र चवच नसते, तेव्हा गोड्या पाण्याचीही तपासणी हवीच. मग जास्त झाले की अपाय करणारे हे फ्लोराइड टूथपेस्टमध्ये मुद्दाम का घालतात? कारण पेस्ट थुंकायची असते, पाणी प्यायचे. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास असलेले फ्लोराइड एनॅमलला बळ देते, पण १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर लहानपणी घडणाऱ्या दातांवर खडूसारखे पांढरे, कधी तपकिरी डाग उमटतात आणि ते कितीही घासले तरी निघत नाहीत.