जांघेतली गाठ आणि हंटरचा प्रयोग

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. तशीच गाठ गुप्तरोगाने आली तर ती बद. शब्द दोन आहेत, पण हात लावून फरक कळेलच असं नाही. असुरक्षित संबंधानंतर जांघ दुखू लागली की माणसाची झोप उडते ती यामुळेच.

१८व्या शतकात ही भीती आणखी मोठी होती. परमा (गनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) हे दोन रोग की एकच, हेच ठरलेलं नव्हतं. लंडनचा सर्जन जॉन हंटर याचं मत होतं की विष एकच. ओलसर अस्तरावर पडलं तर पू येतो, कोरड्या त्वचेवर पडलं तर व्रण होतो. म्हणजे साधा परमा झालेल्यालाही गरमीची धास्ती आलीच!

हे तपासायला १७६७ मध्ये परम्याच्या पुवात बुडवलेल्या नस्तराने शिश्नावर दोन ठिकाणी टोचण्यात आलं. दोन दिवसांत खाज, मग व्रण. पुढे उजव्या जांघेत गाठ. पायाला पाऱ्याचं मलम चोळल्यावर ती बसली. नंतर घशात व्रण, अंगावर तांबूस डाग. हंटरने निष्कर्ष काढला: परम्यातून गरमी झाली, म्हणजे रोग एकच. १७८६ च्या पुस्तकात त्याने हे छापलं. प्रयोग त्याने स्वतःवर केला असं सर्रास सांगितलं जातं, पण तो माणूस कोण हे पुस्तकात लिहिलेलंच नाही. (मूळ ग्रंथ उघडून बघायची सवय म्हणूनच लावून घ्या.)

निरीक्षणं सगळी खरी होती हो. घोळ सॅम्पलमध्ये होता. ज्याचा पू घेतला त्याला बहुधा दोन्ही रोग होते, आणि हे तपासायचं साधन तेव्हा नव्हतं. शिवाय प्रयोगात माणूस एकच, कंट्रोल नाही. पण नाव हंटरचं! एडिंबरोच्या बेंजामिन बेलने १७९३ मध्ये विरोध केला तरी हंटरचं मत टिकून राहिलं. पॅरिसच्या रिकॉरने शेकडो रुग्णांवर टोचणीचे प्रयोग करून १८३८ मध्ये दोन्ही रोग वेगळे असल्याचं दाखवलं. त्या रुग्णांची संमती हा वेगळाच विषय, त्यावर पुन्हा कधीतरी. जंतू तर त्याहून उशिरा दिसले: परम्याचा १८७९ मध्ये नायसरला, गरमीचा १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना.

आज परम्यासाठी लघवीची तपासणी होते, गरमीसाठी रक्ताची. गरमीची चाचणी फार लवकर केली तर निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी ती पुन्हा करायला सांगतात. जांघ ताणलेल्या स्नायूने दुखते, हर्नियानेही दुखते. वृषणात अचानक जोराची कळ आली तर मात्र रिपोर्टची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं.