कुंभाराचं गाढव आणि सकाळची न्याहारी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, सकाळचा नाश्ता सोडला तर वजन उतरतं का?" तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे विचारावं, याची आम्हाला गंमत वाटली. पण भिंगारमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण या परिसराच्या इतिहासात एक नाश्ता चक्क नोंदलेला आहे.

८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरच्या पेठेचा तट ओलांडला. भुईकोट किल्ला पडायला आणखी चार दिवस लागले. त्या वेळी वेलस्लीच्या छावणीत गोखले नावाचे मराठा सरदार होते. त्यांनी पुण्याला लिहून पाठवलेला म्हणून एक उद्गार इंग्रजी चरित्रांतून सांगितला जातो. आशय असा, की ही माणसं अजब आहेत. सकाळी आली, भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेली, शिबंदी मारली आणि नाश्त्याला परतसुद्धा गेली! इंग्रज लेखक हे वेलस्लीच्या कौतुकासाठी सांगतात. आम्ही मात्र त्यातल्या क्रमाकडे पाहतो. आधी काम, मग खाणं.

हाच क्रम आमच्या शेतकऱ्याचाही होता. पहाटे मोट धरायची किंवा औत जुंपायचं, आणि दिवस कासराभर वर आला की घरची बाई पाटीत भाकरी घेऊन बांधावर यायची. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा, असलं तर ताक. ती न्याहारी. दोन-तीन तास राबून झाल्यावरची. पांढरपेशा घरांत तर स्नान-पूजा होईपर्यंत तोंडात काही पडत नसे, आणि कचेरीला जाणारा दहाच्या सुमारास सरळ जेवूनच निघायचा. उठल्या उठल्या खाणं ही आजारी माणसाची आणि लहान मुलांची सवलत होती. मग चहा आला, त्याच्या पाठोपाठ पोहे आले, बिस्किटं आली. कष्ट गेले आणि न्याहारी तेवढी राहिली. उलट ती दोन तास अलीकडे सरकली! गंमत म्हणजे 'नाश्ता' या फारसी शब्दाचा मूळ अर्थच उपाशी, काही न खाल्लेला असा आहे.

आता, नाश्ता हे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं खाणं, हे वाक्य आलं कुठून? १९१७ साली अमेरिकेत 'गुड हेल्थ' नावाच्या मासिकात ते छापलं गेलं, आणि त्या मासिकाचे संपादक होते डॉ. जॉन हार्वे केलॉग. कॉर्नफ्लेक्सवाले! विकणाऱ्याने सांगितलं म्हणून वाक्य खोटं ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातच आम्ही शिकवत असू. पण ते तपासून घ्यावं लागतं, एवढं खरं.

तपासताना आमचे नैयायिक उपयोगी पडतात. मडकं घडतं तेव्हा माती लागते, चाक लागतं, कुंभार लागतो. माती वाहून आणणारं गाढवही तिथे उभं असतं. म्हणून गाढव मडक्याचं कारण ठरतं का? नाही, ते 'अन्यथासिद्ध'. असलं काय, नसलं काय, मडकं होतंच. नाश्ता करणारे लोक सडपातळ असतात, असं पाहण्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. पण हेच लोक बऱ्याचदा वेळेवर झोपणारे, कमी धूम्रपान करणारे, चालायला जाणारे असतात. मग नाश्ता माती की गाढव?

ते ठरवायचं तर माणसांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. तसे १३ प्रयोग एकत्र करून २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी 'बीएमजे'मध्ये लेख लिहिला. नाश्ता करणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त खात होते आणि वजन साधारण ४४० ग्रॅमनी जास्त होतं. म्हणजे सकाळी खाल्लं की दुपारी आपोआप कमी जेवलं जातं, हा समज टिकला नाही. पण ४४० ग्रॅम म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि हे प्रयोग थोड्या मुदतीचे होते, असं लेखकांनीच बजावलं आहे. तेव्हा नाश्ता सोडल्याने माणूस बारीक होतो, असाही डंका पिटू नये. वजनाच्या बाबतीत हे बरंचसं गाढवच.

आता आमची फजिती सांगतो. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलेली दोन वेळाच जेवण्याची पद्धत आम्हीही सुरू केली, कोणाला न विचारता. नाश्ता बंद केला आणि साखरेची सकाळची गोळी मात्र चालू ठेवली. पाचव्या दिवशी फिरायला गेलो असताना हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. एका चहाच्या टपरीवाल्याने ओळखलं, बाकावर बसवलं आणि साखर घातलेलं पाणी पाजलं. डॉक्टरांनी नंतर जे सुनावलं ते आम्हाला कोणत्याही विद्यार्थ्याला सुनवावं लागलं नव्हतं. वजनाच्या हिशेबात जे गाढव, तेच गोळी घेणाऱ्याच्या हिशेबात माती निघालं. म्हणून तुमच्यापैकी जे इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतात त्यांनी आमचं हे व्याख्यान ऐकून उद्या काही सोडू नये. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा.

तो टपरीवाला पहाटे चारला उठतो. स्वतः नऊ वाजता खातो, गर्दी ओसरल्यावर, उभ्याउभ्या.