सिग्मा कणाचा वनवास

ज्या कणांस आपलें अस्तित्वच पुनः पुनः सिद्ध करावें लागलें, त्यांत 'सिग्मा' नामक मेसॉनाचा मान पहिला, असें आम्हांस वाटतें. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांमधील आकर्षणाची उपपत्ति लावतांना जॉन्सन व टेलर यांनीं १९५५ सालीं अशा कणाची कल्पना केली; १९६० सालीं गेल-मान व लेव्ही यांनीं त्यास आपल्या सिद्धांतांत मानाचें स्थान दिलें. परंतु कागदावरील कण प्रयोगांत नीट सांपडेना. पायॉनांच्या आघातांत दिसणारा त्याचा उंचवटा इतका पसरट, कीं त्यास कण म्हणावें कीं नुसती पार्श्वभूमि, यावर पंडितांत वाद माजला. अखेर १९७६ सालीं 'पार्टिकल डेटा ग्रुप'च्या कोष्टकांतून त्याचें नांव गळालें, तें १९९६ सालीं परत आलें. पांडवांचा वनवास बारा वर्षांचा. ह्याचा वीस वर्षांचा!

एका क्षणभंगुर कणासाठीं एवढा खल कां, असें वाचक विचारतील. १९६४ सालीं गेल-मान व झ्वाइग यांनीं मांडलेल्या कल्पनेप्रमाणें मेसॉन म्हणजे एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क यांची जोडी. सिग्माच्या कुटुंबांत मात्र हें गणित उलटें पडतें. कप्पा कणांत एक जड 'स्ट्रेंज' क्वार्क असावयाचा, ए-शून्यांत एकहि नाहीं. तेव्हां ए-शून्य हलका हवा. प्रत्यक्षांत कप्पाचें वस्तुमान सुमारें ७०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ए-शून्याचें ९८०! १९७७ सालीं रॉबर्ट जॅफी यांनीं सुचविलें कीं येथें दोन क्वार्क व दोन प्रतिक्वार्क नांदत असावेत. तसें मानल्यास ए-शून्यांत स्ट्रेंज क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क असे दोन जड घटक येतात, कप्पांत एक, सिग्मांत एकहि नाहीं; क्रम आपोआप जुळतो. ही युक्ति आम्हांस फार सुंदर वाटते. वाइनस्टाइन व इस्गुर यांनीं मात्र ए-शून्य म्हणजे सैल बांधलेली केऑनांची जोडी ठरविली, कारण त्याचें वस्तुमान दोन केऑनांच्या बेरजेस अगदीं लागून आहे.

सिग्माचें स्थान निश्चित झालें तें २००६ सालीं. काप्रिनी, कोलान्जेलो व लॉइटविलर यांनीं वस्तुमान ४४१ व रुंदी ५४४ काढली, आणि त्यांचें साधन होतें शशांक मोहन रॉय यांचीं १९७१ सालचीं समीकरणें. हेच रॉय पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. ज्याची रुंदी वस्तुमानाहून अधिक, त्यास कण म्हणण्यास कोणी कचरला तर आम्ही त्याच्याशीं भांडणार नाहीं. साध्या जोडीनें ह्या कुटुंबाचा उलगडा होत नाहीं, येथवर आतां बहुतेकांचें एकमत आहे. परंतु चार क्वार्कांची घट्ट गांठ किती आणि दोन मेसॉनांची सैल संगत किती, हा हिशेब अद्याप मिटलेला नाहीं.