आजाऱ्याला हात कुणी लावायचा?

परिचर्येच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मुंबईच्या एका बाईला एक ओळ मिळाली आहे. १८९१ साली बाई काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला आल्या, त्या अशा शिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका. एवढं सांगून पुस्तक पुढे जातं. सिस्टर ट्यूटर म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हा विषय शिकवायची, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर आमचे कितीतरी तास जात. क्रिमियाचं युद्ध, १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेली तिची शाळा, भारतात एकदाही पाऊल न टाकता इथल्या लष्करी छावण्यांच्या पाण्यावर आणि गटारांवर तिनं केलेलं लिखाण, हे सगळं मुली पाठ करत. काशीबाईंपाशी मात्र मी मुद्दाम थांबायची. मुलींना विचारायची, "त्या काळात आपल्याकडच्या बाईनं हे काम शिकायला घराबाहेर पडायचं म्हणजे काय, सांगा बघू."

मुली गप्प बसत. त्यांची चूक नव्हती. आजाऱ्याला हात लावणं म्हणजे विटाळ, हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरात आजारपण घरच्या बायकांनी काढायचं, ही रीत. सासऱ्याची लघवी, दिराची वांती, नणंदेचं बाळंतपण, सगळं सुनेच्या पदरात. त्याला कुणी शिक्षण म्हणत नसे आणि पगाराचा तर प्रश्नच नव्हता. परक्याच्या देहाला, रक्ताला, विष्ठेला हात लावायची वेळ आली की ते काम गावाच्या कडेला राहणाऱ्यांकडे जाई. सुईण बहुधा न्हाव्याची, मांगाची किंवा महाराची असे. अडलेल्या बाईला ती मोकळी करी, नाळ कापी, बाळंतिणीची खोली आवरी आणि लुगडं-धान्य घेऊन परत जाई. नंतर त्याच घरात तिला ओसरीच्या वर येता येत नसे. म्हणजे कौशल्य होतं, कामही होतं. मान तेवढा नव्हता. आपल्याकडच्या परिचर्येचा इतिहास लिहायचा तर तो या सुईणीपासून सुरू करावा लागेल, असं मला ठामपणे वाटतं. नाइटिंगेलचा दिवा त्यानंतर.

मुंबईत कामा रुग्णालयाची कोनशिला १८८३ साली बसली आणि १८८६ साली ते सुरू झालं. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी पैसा दिला. पुरुष डॉक्टरपुढे जायचं नाही म्हणून बायका घरातच मरत. त्यांच्यासाठी बायकांनी चालवलेलं रुग्णालय हवं, हा त्यामागचा विचार होता. एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टरीण त्यासाठी मुंबईला आली. एडिंबराला वैद्यकीचं शिक्षण मिळावं म्हणून भांडलेल्या सात जणींपैकी ती एक. इथं आल्यावर तिच्या लगेच ध्यानात आलं, की डॉक्टरीण दिवसातून दोनदा येईल आणि जाईल, पण रोग्यापाशी चोवीस तास कोण? तिनं कामा रुग्णालयात परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू केलं. तिच्या चरित्रात ही बाब थोडक्यात येते. माझ्या लेखी ती तिची सर्वांत मोठी कामगिरी आहे.

मग १८९६ चा प्लेग आला. सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला आणि काही महिन्यांत पुणं त्यात सापडलं. गाठ आलेल्या माणसाजवळ जायला सख्खे भाऊ तयार नव्हते. सावित्रीबाई फुल्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यानं हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर, दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तिथं राबल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून आणलं. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्यांना शिक्षिका म्हणून ओळखतो, ते बरोबरच आहे. पण त्यांचं मरण परिचारिकेचं मरण आहे, कामावर असताना रोग्याकडून लागण होऊन आलेलं. दर वर्षी ३ जानेवारीला शाळांमध्ये त्यांची जयंती होते. १० मार्चला आमच्या नर्सिंग शाळांमध्येही त्यांचा फोटो लागायला हवा.

पुण्यातच या कामाला पुढे घराचा आधार मिळाला. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुणे सेवासदन सुरू केलं. रमाबाईंचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही आतल्या होत्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाणं, रुग्णालयात जाऊन रोग्यांजवळ बसणं, हे त्यांनी सेवासदनाच्या आधीपासून चालवलं होतं. तिथली गरज त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सेवासदननं मुलींना, विशेषतः तरुण विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग आणि सुईणकाम शिकायला पाठवायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं.

यातलं धाडस आज चटकन लक्षात येत नाही. ब्राह्मण विधवेनं सोवळ्यात माजघरात बसायचं, तिचं तोंड सकाळी पाहायचं नाही, अशा काळात तीच बाई ससूनच्या वॉर्डात कुठल्याही जातीच्या माणसाचं बेडपॅन उचलणार होती. संध्याकाळी ती परत आली की तिच्या पंक्तीला कोण बसणार? तिच्याशी कोण बोलणार? वसतिगृह हे या प्रश्नांचं उत्तर होतं. नुसती शिकवणी सुरू करून भागलं नसतं. तिला राहायला जागा, जेवायला पंगत आणि पाठीशी 'रमाबाई रानडे' हे नाव लागत होतं. वेगळ्या वाटेनं धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वेही याच कामाकडे वळल्या होत्या. विधवा म्हणून आयुष्य काढलेली, पुनर्विवाहानंतर गावानं वाळीत टाकलेली ही बाई नागपूरला जाऊन सुईणकाम शिकून आली.

तरी मुली पुरेशा येत नव्हत्या. ज्या आल्या त्या बहुतेक मिशनच्या छत्राखालच्या होत्या. मिरज, अहमदनगर इथल्या मिशनच्या शाळा-आश्रमांत वाढलेल्या, कुणी दुष्काळात अनाथ झालेल्या, कुणी पूर्वाश्रमीच्या महार-मांग कुटुंबांतल्या. नंतर मुंबईचे वॉर्ड गोव्याच्या आणि केरळच्या मुलींनी भरले. आम्ही शिकत होतो तेव्हा मुंबईत 'सिस्टर' म्हटलं की मल्याळी बोलणं कानावर येणार, हे ठरलेलं. मराठी मध्यमवर्ग त्यांच्या हातून बरा होऊन घरी येई आणि आपल्या लेकीला मात्र तिकडे धाडत नसे. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. दर ४३,००० माणसांमागे एक. पैसा कमी होता, शाळा कमी होत्या, हे खरं. पण विटाळाची भीती हेही त्या आकड्यामागचं कारण होतं. ते कुणी मोकळेपणानं लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

मी स्वतः या कामात आले ती बहात्तरच्या दुष्काळानं. आमचं गाव बार्शीकडचं. विहिरी आटल्या, आई-वडील रोजगार हमीच्या खडीवर जायचे. नर्सिंगला राहणं-जेवण आणि विद्यावेतन मिळतं, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला मुंबईच्या गाडीत बसवलं. भावकीतले लोक त्यांना म्हणाले, "पोरीला परक्या बाप्यांची घाण काढायला धाडतोस व्हय?" अण्णांनी उत्तर दिलं नाही. पुढे त्याच भावकीतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी आमच्या होस्टेलच्या दारात चिठ्ठी घेऊन उभं राहिलं आणि मी प्रत्येकाला ओपीडीपर्यंत नेऊन सोडलं.

त्या वेळचं काम कसं होतं, हे सांगायला हवं, कारण ते आता कुठंच दिसत नाही. इंजेक्शनच्या सिरिंज काचेच्या. प्रत्येक फेरीनंतर त्या धुवायच्या, उकळायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची, आत तार घालून पोकळी साफ करायची. गॉजची थानं यायची. दुपारी जरा उसंत मिळाली की ती कापून घड्या घालायच्या, कापसाचे गोळे करायचे, ड्रम भरून ऑटोक्लेव्हला पाठवायचा. पलंग करताना चादरीचा कोपरा कसा मोडायचा, मॅकिंटॉशवर, म्हणजे रबरी कापडावर, ड्रॉ शीट कशी ताणायची, यासाठी आमच्या ट्यूटर पुन्हा पुन्हा पलंग उसकटायला लावत. तेव्हा राग यायचा. चादरीची एक चुणी निजून राहिलेल्या माणसाच्या पाठीखाली काय करते, हे वॉर्डात गेल्यावर कळलं.

ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, खांद्याच्या पात्यांवर, कोपरांवर अंगाचा भार पडून राहतो. कातडी आधी लाल होते. बोटानं दाबून सोडली आणि लाली तशीच राहिली, की समजायचं, वेळ थोडा आहे. त्यानंतर फोड, मग जखम, आणि जखम हाडापर्यंत जायला फार दिवस लागत नाहीत. याला औषध नाही म्हटलं तरी चालेल. उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री दोनला, पहाटे चारलाही. अंग कोरडं ठेवायचं, चादर ताणायची. आम्ही पाठीला स्पिरिट चोळायचो. लाल जागा चोळू नये, असं आता शिकवतात आणि ते बरोबर आहे. पाळी संपवून ओव्हर देताना आमच्या सिस्टर रोग्याला कुशीवर वळवून पाठ दाखवायला लावत. पाठ चांगली तर ड्यूटी चांगली झाली. चार्टवर काय लिहिलंय, ते त्या नंतर बघत.

म्हणून अरुणा शानभाग यांच्याबद्दल आम्हा परिचारिकांच्या मनात जे आहे, ते इतरांना समजावून सांगणं कठीण जातं. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या, मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयाच्या आवारातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. मी तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात शिकाऊ होते. आमच्या होस्टेलमध्ये मुली एकट्या न्हाणीघरातही जाईनात. मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे ४२ वर्षं केईएमच्या वॉर्ड क्रमांक ४ मध्ये एकीनंतर दुसरी, पिढीनंतर पिढी, परिचारिकांनी त्यांना भरवलं, पुसलं, वळवलं. त्यांना तिथून हलवायचे प्रयत्न झाले, ते परिचारिकांनी हाणून पाडले. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे जवळचे मानलं आणि अर्ज फेटाळला. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना एकही बेडसोअर, म्हणजे अशी पडून राहिल्यानं होणारी जखम, झालेला नव्हता, ही गोष्टही न्यायालयापुढे आली. त्या १८ मे २०१५ रोजी गेल्या. दयामरणाविषयी माणसांची मतं वेगळी असू शकतात, माझ्या मैत्रिणींमध्येही आहेत. पण ती न झालेली जखम हा आमच्या व्यवसायाचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पुरावा आहे. ४२ वर्षांतल्या प्रत्येक रात्री कुणीतरी उठून कूस बदलली होती.

एडिथ पीचीनं जिथं परिचारिका घडवायला सुरुवात केली, त्याच कामा रुग्णालयात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन अतिरेकी शिरले. वॉर्डात २० गरोदर बायका होत्या. ड्यूटीवरच्या अंजली कुलथे यांनी दारं लावली आणि सगळ्यांना वॉर्डाच्या टोकाच्या लहानशा पँट्रीत नेऊन बसवलं. एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा बाहेर गोळीबार चालू असताना तिला धरून प्रसूती कक्षात पोहोचवलं. सगळ्या बायका वाचल्या. कुलथेंनी पुढे त्या दोघांपैकी कसाबला ओळखलं, साक्ष दिली आणि २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या बोलल्या.

आता शाळा भरपूर झाल्या. पदवी आली, एमएससी आली, मुलगे 'ब्रदर' म्हणून आले, मराठी मुलीही मोठ्या संख्येनं येतात, हे सगळं चांगलं झालं. पण भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक परिचारिका असं सांगतं आणि माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत रात्रपाळीला चाळीस-पन्नास रोग्यांमध्ये एक सिस्टर आणि दोन शिकाऊ मुली असत. त्यातला अर्धा वेळ रजिस्टरं भरण्यात जाई. कूस नातेवाईक बदलत, ज्यांना ती कशी बदलायची हे कुणी शिकवलेलं नसे. मोकळी पदं भरा, ही मागणी परिचारिकांच्या संघटना वर्षानुवर्षं करतात. ती पगारवाढीची मागणी समजून लोक दुर्लक्ष करतात. ती मागणी रोग्याच्या पाठीची आहे.

आणि एक विनंती. जिल्हा रुग्णालयांच्या, मिशन रुग्णालयांच्या जुन्या प्रशिक्षण शाळांमध्ये प्रवेशाची रजिस्टरं, बॅचचे फोटो, मेट्रनच्या वह्या अजून पडून आहेत. इमारत पाडताना ते सगळं रद्दीत जातं. ज्यांच्या हातात हे आहे, त्यांनी ते जपावं. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत एखादी निवृत्त सिस्टर किंवा उपकेंद्रावर आयुष्य काढलेली नर्सबाई असेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. कुठून आली, कुणी पाठवलं, घरचे काय म्हणाले, पहिली रात्र कशी गेली, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या आणि खाली तिचं पूर्ण नाव घाला.