अलास्काचा लाभांश आणि सरकारचा शब्द

श्रीमंत असो वा गरीब, कामावर असो वा बेकार, प्रत्येक नागरिकास सरकारनें दरसाल कांहीं रोकड रक्कम द्यावी, ही कल्पना आज अनेक देशांत चर्चिली जाते. वादाचा सारा भर मात्र एकाच शंकेवर असतो : आयता पैसा मिळाला तर माणूस आळशी होईल काय? याहून बिकट प्रश्न निराळाच आहे. आजच्या सरकारनें दिलेला शब्द उद्यांचें सरकार पाळील, याला जामीन कोण?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलास्का या संस्थानाचा इतिहास या बाबतींत मोठा बोधक आहे. तेथें १९६८ सालीं प्रुधो उपसागराच्या कांठीं तेलाचा प्रचंड सांठा सांपडला. पुढल्याच वर्षीं तेथील जमिनी पट्ट्यानें देऊन खजिन्यांत ९० कोटी डॉलर आले, आणि थोड्याच वर्षांत ते खर्चूनही गेले! तो चटका लोक विसरले नाहींत. १९७६ सालीं संस्थानाच्या घटनेंत दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, खनिजांच्या रॉयल्टीचा निदान चौथा हिस्सा एका कायम निधींत पडावा व त्याच्या मुदलास कोणीं हात लावूं नये.

त्या वेळचे गव्हर्नर जे हॅमंड यांचें धोरण व्यवहारी होतें. ज्याला दरसाल वांटा मिळतो, तो तिजोरीवर आपण होऊन पहारा ठेवतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. जितकीं वर्षें वास्तव्य तितका वांटा अधिक, अशी पहिली योजना होती. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं रद्द ठरविली. तेव्हां त्याच वर्षीं मुलांबाळांसुद्धां प्रत्येक रहिवाशास सारखेच १,००० डॉलर देण्यांत आले.

पहारा खरोखरच कडक निघाला. १९९९ सालीं निधीच्या उत्पन्नांतून सरकारी खर्च भागवावा काय, असें लोकांस विचारलें असतां शेंकडा ८३ मतें विरुद्ध पडलीं. परंतु एक फट राहिली होती. मुदलाचें रक्षण घटनेनें केलें होतें. लाभांश मात्र साध्या कायद्यावर उभा होता. शिवाय तेलाच्या भरभराटींत, १९८० सालीं, संस्थानानें प्राप्तीवरील कर काढून टाकला होता. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळले, तेव्हां हात घालण्यास जवळ लाभांशच उरला. २०१६ सालीं गव्हर्नर बिल वॉकर यांनीं त्याची रक्कम जवळजवळ निम्मी केली, व लोकांच्या हातीं १,०२२ डॉलर पडले. प्रकरण न्यायालयांत गेलें. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं निर्णय दिला कीं, लाभांशास दरसाल कायदेमंडळाची मंजुरी लागते आणि गव्हर्नर ती रक्कम छाटूं शकतो.

ही छाटणी सर्वांना सारखीच लागली, असें म्हणणें सोपें आहे. पांच माणसांच्या गरीब कुटुंबाला हजार हजार डॉलरांची तूट म्हणजे हिंवाळ्याच्या बेगमीवर घाला. धनिकाला तिची जाणीवही होत नाहीं. प्राप्तीवर कर बसता तर भार उलट बाजूला गेला असता.

तेव्हांपासून लाभांशाचा आंकडा दरसाल कायदेमंडळांतील घासाघिशीवर ठरतो. २०२० सालीं तो ९९२ डॉलर होता. २०२२ सालीं इंधनखर्चाच्या मदतीसह ३,२८४ झाला. प्राप्तीवरील कर पुन्हां बसलेला नाहीं, आणि मुदलाचें कलम घटनेंत जसेंच्या तसें आहे.