विस्मृतीत गेलेले 'सिम्ला बीट'चे शिलेदार

'गॅरेज रॉक' हा शब्द अमेरिकेतला. घराच्या गॅरेजमध्ये तालमी करणाऱ्या पोरसवदा वादकांनी १९६०च्या दशकात जे राकट, तीन-चार कॉर्डवर उभे असलेले संगीत वाजवले, त्याला पुढे हे नाव पडले आणि १९७०च्या दशकातील पंक संगीताची मुळेही समीक्षकांनी तिथेच शोधली. त्या काळी मुंबईत स्वतःची मोटार आणि गॅरेज असणारी घरे मोजकीच. तरीही त्याच जातीचे संगीत येथे, तसेच मद्रास, बंगळूर, कलकत्ता आणि शिलाँग येथेही जोमाने वाजत होते. ते वाजवणाऱ्यांना 'बीट ग्रुप' म्हणत.

बहुतेकांनी यांपैकी एक ग्रुप नकळत पाहिलेला आहे. 'गुमनाम' (१९६५) चित्रपटातील 'जान पहचान हो' या गाण्यात लक्ष्मी छायाच्या मागे मुखवटे घालून वाजवणारी मंडळी म्हणजे मुंबईचे 'टेड लायन्स अँड हिज कब्ज'. आवाज महंमद रफींचा, चाल शंकर-जयकिशन यांची. हेच गाणे २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभी झळकले आणि परदेशात लोकप्रिय झाले. वादकांचे नाव मात्र तेव्हाही फारसे कोणी विचारले नाही.

आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गिटार व अ‍ॅम्प्लिफायर दुर्मिळ आणि अतिशय महाग होते. त्यामुळे स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतलेल्या किंवा उसन्या वाद्यांवर भागवावे लागे. या मंडळींना मोठा रंगमंच दिला तो एका सिगारेटने. इम्पिरियल टोबॅको कंपनीने (आजची आयटीसी) आपल्या 'सिम्ला' सिगारेटच्या नावाने 'ऑल इंडिया सिम्ला बीट' स्पर्धा भरवली. माटुंग्याच्या ज्या षण्मुखानंद सभागृहात एरवी शास्त्रीय संगीताच्या मैफली रंगत, तेथेच या स्पर्धेत इलेक्ट्रिक गिटार घुमली.

या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. त्या नसत्या तर यांतील अनेक ग्रुपची आठवण श्रोत्यांबरोबरच संपली असती. पहिल्या तबकडीत शिलाँगच्या 'फेन्टोन्स'ने चक्क 'सिम्ला बीट थीम' वाजवली आहे. प्रायोजकाचे ऋण यापेक्षा उघडपणे फेडणे अवघडच! बंगळूरच्या 'डायनोसॉर्स'ने क्रीडन्स क्लियरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकी ग्रुपचे गीत घेतले. ते गाणे नेटके आहे, पण अनुकरणच. खरी चमक मद्रासच्या 'कन्फ्यूजन्स'च्या 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' या स्वतःच्या रचनेत आहे. ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे, गाणाऱ्याचा आवाज काहीसा चिरकतो, पण त्या घाईत आणि त्या उर्मीत जे आहे ते सफाईदार नकलेत सापडत नाही.

मराठी वाचकाला या जगातील एक नाव परके नाही. अभिनेते आत्माराम भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे. 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) मधील त्यांचा अंकुश नाट्यरसिकांच्या लक्षात राहिला. परंतु त्याआधी ते 'वेल्व्हेट फॉग' या मुंबईच्या रॉक ग्रुपमध्ये गात होते, पुढे 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'बरोबरही गायले, हे कितीजणांना ठाऊक असेल? अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधील ज्यूडासही त्यांचाच. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. वास्तुशास्त्र शिकायला मुंबईत आलेले गोव्याचे रेमो फर्नांडिस हेदेखील त्या काळी येथील 'सॅव्हेजेस'मध्ये होते.

'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'ची कथा जरा चटका लावणारी. रंगमंचावर हा ग्रुप जोरकस, सैल सुटलेला रॉक वाजवत असे. पण 'ऑब्सेशन ७७' ही त्यांची एकमेव तबकडी ऐकली तर तीत 'गॉडफादर'च्या धूनसारखे, नाचायला सोयीचे संगीतच अधिक भेटते. ग्रुपचे प्रत्यक्ष कार्यक्रमातील रूप कळायला २०११ उजाडावे लागले. त्या वर्षी 'नाऊ-अगेन' या अमेरिकी कंपनीने तबकडीचे पुनर्प्रकाशन करताना जुनी ध्वनिमुद्रणेही जोडली.

'सिम्ला बीट'च्या दोन्ही तबकड्यांचे पुनर्प्रकाशनही परदेशातच झाले. मूळ प्रती संग्राहकांमध्ये मोठ्या किमतीला विकल्या जातात. आपल्याकडे सिद्धार्थ भाटिया यांनी 'इंडिया सायकेडेलिक' (२०१४) या इंग्रजी पुस्तकात या पिढीच्या आठवणी टिपल्या. लोणावळ्याजवळ मळवलीला १९७१ मध्ये भरलेल्या 'स्नेहयात्रा' या संगीत-मेळ्याची हकिगतही त्यात येते. त्या काळी विशीत असलेले वादक आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. एखाद्या घरातील माळ्यावर अजूनही स्पूल टेपचे खोके पडून असण्याची शक्यता आहे. रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहायला हवे.