तळटीप १४ : अंजनगावचे वेलस्ली

१४. आर्थर वेलस्ली (१७६९–१८५२), पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आडगावची लढाई आणि गाविलगड जिंकल्यावर ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगाव येथे त्यांनी कंपनीच्या वतीने दौलतराव शिंद्यांशी तह केला. टोरी पंतप्रधान (१८२८–३०) असताना १८२९ मध्ये त्यांनी कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडली, आणि त्यावरून पक्षात फूट पडली. मतदानाच्या सुधारणेला मात्र त्यांचा कडवा विरोध होता. तो कायदा १८३२ मध्ये ग्रे यांच्या व्हिग मंत्रिमंडळाने केला. वॉटर्लूच्या (१८१५) या विजेत्याचे मोल ठरवताना अंजनगावचा तहही जमेस धरायलाच हवा : गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला शिंद्यांनी त्यातच गमावला.